६१६ सामने, एक खेळाडू

मंडळी, बुक-क्रिकेट आठवतंय का? गणिताचा तास, मागचा बाक, मांडीवर इतिहासाचं जाडजूड गाइड. डोळे मिटून पान उघडायचं आणि डावीकडच्या पानाच्या क्रमांकातला शेवटचा आकडा बघायचा. ० आला की आउट. २, ४, ६ म्हणजे तेवढे रन. ८ चा नियम गल्लीगणिक बदलायचा, आमच्याकडे १ रन मिळायचा.

खूप वर्षांनी एका कंटाळवाण्या कॉन्फरन्स कॉलमध्ये (माइक म्यूट होता, काळजी नसावी) मी याचं गणित मांडून बघितलं. पाच आकडे, पाचांचीही शक्यता सारखी. म्हणजे प्रत्येक आउटमागे सरासरी २+४+६+१, एकूण १३ रन. याचा अर्थ आमच्या सामन्यांत गावसकरची सरासरी १३ आणि चंद्रशेखरचीही १३! खऱ्या कसोटीत गावसकरची ५१.१२ आणि बिचाऱ्या चंद्राची ४.०७. वहीत आम्ही मोठ्या भक्तिभावाने नावं लिहायचो खरे, पण गाइडच्या पानांना त्या नावांशी काही देणंघेणं नव्हतं.

आता हेच आकडे खेळाडू ओळखायला लागले तर? गावसकर खेळताना गावसकरसारखेच पडले तर? हा उद्योग अमेरिकेत लोकांनी शंभर वर्षांपूर्वीच सुरू केला होता, फक्त खेळ बेसबॉल होता. माझी त्याच्याशी गाठ पडली ती ऑनसाइटला, न्यू जर्सीत, एका हिवाळ्यात. बाहेर बर्फ, माझ्याकडे गाडी नाही, आणि वीकेंडला करायचं काय हा यक्षप्रश्न. टीममधले एक वयस्कर गृहस्थ, मूळचे पिट्सबर्गचे, एका शुक्रवारी एक फाटका खोका घेऊन आले. आत पत्ते, तीन फासे आणि एक तक्ता. "हे एकट्याने खेळता येतं," एवढंच म्हणाले. बहुतेक माझी दया आली असावी.

आधी बेसबॉलच का, ते बघू. फासे टाकून क्रिकेट खेळायला अवघड, कारण एकेक फलंदाज तीनतीनशे चेंडू खेळत बसतो. बेसबॉलमध्ये पिचर आणि बॅटर समोरासमोर येतात, दोन-चार मिनिटांत त्यांचा निकाल लागतो, आणि तो ठरावीक दहा-बारा प्रकारांतलाच असतो: हिट, होम रन, वॉक, स्ट्राइकआउट, झेल वगैरे. असे निकाल नोंदवायला फार सोपे. आणि ते नोंदवायची शिस्त कोणी लावली? हेन्री चॅडविक नावाच्या, इंग्लंडात जन्मलेल्या आणि ब्रुकलिनमध्ये वाढलेल्या पत्रकाराने. हे गृहस्थ आधी क्रिकेटच्या बातम्या द्यायचे! एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्यांनी क्रिकेटच्या धावफलकाच्या धर्तीवर बेसबॉलचा 'बॉक्स स्कोअर' रुळवला. म्हणजे मुळापर्यंत गेलं तर आपला धावफलकच निघतो. असो.

तर १९२५ साली विस्कॉन्सिन राज्यातल्या ग्रीन बे गावच्या क्लिफर्ड व्हॅन बीक यांना एका खेळाचं पेटंट मिळालं. कल्पना साधी होती. प्रत्येक खऱ्या खेळाडूचं एक कार्ड. दोन फासे टाकायचे, पण बेरीज करायची नाही. एक दशक, दुसरा एकक. म्हणजे ११ पासून ६६ पर्यंत ३६ जोड्या, प्रत्येकीची शक्यता सारखी. त्या ३६ जागांवर त्या खेळाडूच्या खऱ्या कामगिरीच्या प्रमाणात निकाल वाटून टाकायचे. जो भरपूर होम रन मारतो त्याच्या कार्डावर चांगल्या जागा जास्त, जो वारंवार चुकतो त्याच्या कार्डावर वाईट जास्त. झालं! आता फाशांना गावसकर आणि चंद्रा वेगळे दिसायला लागले.

'नॅशनल पास्टाइम' नावाने हा खेळ बाजारात आला तो नेमका महामंदीच्या तोंडावर, १९३० च्या सीझनची कार्डं घेऊन. फार टिकला नाही. पण पेनसिल्वेनियातल्या लँकेस्टरच्या रिचर्ड साइट्झ नावाच्या मुलाला आणि त्याच्या मित्रांना त्याचं वेड लागलं. त्यांनी आपली लीग काढली आणि तिला दणदणीत नाव दिलं, अमेरिकन प्रोफेशनल बेसबॉल असोसिएशन. पुढे १९५१ मध्ये साइट्झने सुधारलेला खेळ टपालाने विकायला काढला तेव्हा त्या पोरांच्या लीगची आद्याक्षरंच कंपनीचं नाव झाली: एपीबीए. याच्या अलीकडे, १९४१ मध्ये, ईथन अ‍ॅलन या निवृत्त खेळाडूचा एक खेळ आला होता. त्यात फासे नव्हते, गोल चकत्यांवर काटा फिरवायचा. (हेच अ‍ॅलन पुढे येल विद्यापीठात बेसबॉलचे कोच झाले आणि त्यांच्या एका संघाचा कप्तान पुढे राष्ट्राध्यक्ष झाला, थोरले जॉर्ज बुश.)

पण या सगळ्यांत एक मोठी गोम होती. निकाल मुख्यतः बॅटरवर ठरायचा, पिचरचा प्रभाव जेमतेमच. ती गाठ सोडवली हॅल रिचमन या न्यूयॉर्ककडच्या मुलाने. अकरा-बारा वर्षांचा असताना, १९४८ च्या सुमारास, तो आपल्या खेळाचं गणित मांडायला लागला. १९६१ मध्ये 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' विकायला काढला. धंदा बसेना, तेव्हा वडिलांकडून पाच हजार डॉलर उसने घेतले. अट अशी की हेही बुडाले तर गुपचूप वडिलांच्या विम्याच्या धंद्यात यायचं. (आपल्याकडे हीच अट 'आधी इंजिनीअरिंग कर, मग काय ते कर' अशी असते.) पैसे बुडाले नाहीत.

रिचमनची युक्ती मला अजूनही सुंदर वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. फासे तीन. पहिला सांगतो कुठलं कार्ड बघायचं: १ ते ३ आलं तर बॅटरचं, ४ ते ६ आलं तर पिचरचं. उरलेल्या दोघांची बेरीज त्या कार्डावरची ओळ सांगते. म्हणजे निम्मे निकाल बॅटरच्या हातात, निम्मे पिचरच्या. पण मग बॅटरच्या कार्डावर त्याची खरी सरासरी छापून चालणार नाही! समजा, लीगची सरासरी ०.२६० आहे (शंभर वेळा बॅट घेतली तर २६ हिट) आणि विली मेझची १९५५ ची सरासरी आहे ०.३१९. निम्म्या वेळा तो सर्वसाधारण पिचरच्या कार्डावर, म्हणजे ०.२६० वर खेळणार. तेव्हा गोळाबेरीज ०.३१९ यायची तर त्याचं स्वतःचं कार्ड ०.३७८ चं करावं लागतं. चांगल्याला मुद्दाम जास्त चांगलं आणि सुमाराला मुद्दाम जास्त सुमार करायचं, मग सरासरीत दोघं आपापल्या खऱ्या जागी येतात.

नळाच्या गोष्टीत ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडावरची पानं-फळं झटक्यात मोजून दाखवतो आणि मग नळाला फाशांची विद्या देतो. मोजणं आणि फासे या दोन विद्या एकत्र नांदतात हे महाभारतकारांना ठाऊक होतं. फक्त एकच फरक. नळाला समोर पुष्कर होता. या लोकांना समोर कोणी नव्हतंच.

कारण हा खेळ दोघांचा म्हणून विकला जात असला तरी हजारो लोक तो एकट्याने खेळत आले. एक सामना साधारण अर्ध्या तासाचा. १९५० च्या दशकातली एक लीग घ्या: आठ संघ, प्रत्येकी १५४ सामने, म्हणजे एकूण ६१६. अर्ध्या तासाने गुणा, ३०८ तास होतात. एवढा वेळ द्यायला शेजारी राहणारा मित्रही तयार होत नाही. मग दोन्हीकडचे मॅनेजर आपणच, पंच आपणच, स्कोअरर आपणच, दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्रही आपणच.

वर्तमानपत्र मी गमतीने म्हणत नाहीये. 'ऑन द रोड'वाला जॅक केरुआक! लॉवेल गावात, शाळकरी वयात, त्याने स्वतःचा बेसबॉल खेळ बनवला आणि मोठा लेखक झाल्यावरही खेळत राहिला. संघांची नावं मोटारींवरून: न्यूयॉर्क शेव्हीज, पिट्सबर्ग प्लिमथ्स, फिलाडेल्फिया पॉंटियाक्स. खेळाडू बहुतेक काल्पनिक. त्यांची आकडेवारी, त्यांचे पगार, सामन्यांच्या बातम्या, सगळं तो लिहून ठेवायचा. बाहेर बंडखोर पिढीचा नायक, आणि घरात हा कारकुनी कारभार. मित्रांपैकी बहुतेकांना पत्ताही नव्हता. ते कागद आता न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत आहेत आणि २००९ मध्ये त्यांवर एक पुस्तकही निघालं.

एकदाच हा खेळ खऱ्या मैदानावर गेला. १९८१ च्या उन्हाळ्यात खेळाडूंचा संप झाला आणि १४ जुलैचा क्लीव्हलंडचा ऑल-स्टार सामना त्या दिवशी होऊ शकला नाही. तेव्हा त्याच रिकाम्या स्टेडियममध्ये, होम प्लेटपाशी, स्ट्रॅट-ओ-मॅटिकची कार्डं मांडून फासे टाकले गेले.

आता तुम्ही म्हणाल, संगणकाला सांग की. सांगितलंय ना! १९६१ च्या सुमारास आयबीएमच्या जॉन बर्गेसन यांनी १६२० या मशीनसाठी बेसबॉलचा प्रोग्राम लिहिला होता, १९७१ मध्ये डॉन डॅग्लो या विद्यार्थ्याने पीडीपी-१० वर लिहिला. मीही न्यू जर्सीत दोन रात्री बसून पर्लमध्ये लिहिला. ६१६ सामने, एंटर दाबला, चहा हातात घेईपर्यंत सीझन संपला. तक्ता अगदी बरोबर आला होता. तो बघून मी लॅपटॉप बंद केला. कोण जिंकलं तेही आज आठवत नाही.

फासे टाकताना काय वेगळं होतं, ते रॉबर्ट कूव्हरने (२०२४ मध्ये गेले) १९६८ च्या एका कादंबरीत लिहून ठेवलंय. नाव लांबलचक आहे: 'द युनिव्हर्सल बेसबॉल असोसिएशन, इन्कॉर्पोरेटेड, जे. हेन्री वॉ, प्रोप्रायटर'. हा वॉ म्हणजे छप्पन्न वर्षांचा एकटा हिशेबनीस. दिवसा नोकरी, रात्री जेवणाच्या टेबलावर तीन फासे आणि त्याने स्वतः रचलेली लीग. डेमन रदरफर्ड हा तरुण पिचर त्याच्या गळ्यातला ताईत. आणि एके रात्री १-१-१ पडतं. पुन्हा १-१-१. पुन्हा १-१-१. शक्यता एक कोटीत एक. पण वॉच्याच तक्त्यात त्याचा अर्थ लिहिलेला असतो: चेंडू डोक्याला लागून बॅटरचा मृत्यू. बॅट घेऊन उभा असतो डेमन. (खऱ्या मोठ्या लीगमध्ये असं एकदाच घडलंय, १९२० मध्ये, रे चॅपमनच्या बाबतीत.) फासे परत टाकले असते तर जगात कोणाला कळलं असतं? वॉ टाकत नाही. पुढे मात्र, चेंडू फेकणाऱ्या जॉक केसीचा सूड घ्यायला, तो पडलेला एक फासा बोटाने उलटवतो आणि ६-६-६ करतो. कादंबरीत सगळ्यांत भयंकर वाटतं ते हे. शकुनीने निदान दुसऱ्याला फसवलं होतं.

माझा खोका भारतात आला आणि वर्षानुवर्षं माळ्यावर पडून होता. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये खाली काढला. तिकडे खरा सीझन अडकला होता, म्हणून स्ट्रॅट-ओ-मॅटिक कंपनी रोज त्या दिवसाचे सामने कॉम्प्युटरवर खेळून निकाल जाहीर करत होती. ते बघून मीही रिचमनच्या गणिताने एक्सेलमध्ये स्वतःची कार्डं केली. १९५५ ची नॅशनल लीग घेतली, ती पिट्सबर्गवाल्या काकांमुळे. ते सारखे रोबेर्तो क्लेमेंटेबद्दल बोलायचे. पोर्तो रिकोचा हा खेळाडू पुढे पिट्सबर्गचं दैवत झाला आणि १९७२ च्या शेवटच्या दिवशी निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांना मदत घेऊन जाताना विमान कोसळून गेला. १९५५ हे त्याचं पहिलं वर्ष. ४७४ वेळा बॅट, १२१ हिट, सरासरी ०.२५५. म्हणजे लीगच्या सरासरीहून किंचित कमीच. तो पुढे कोण होणार आहे हे मला माहीत आहे, त्याच्या कार्डाला माहीत नाही.

ब्रुकलिनविरुद्धचा सामना. नववी इनिंग, पायरेट्स एक रनाने मागे, दोन आउट, दोन बेसवर माणसं, समोर डॉन न्यूकम (त्या वर्षी २० विजय, ५ पराभव). आणि बॅटिंगला क्लेमेंटे. पहिला फासा ५. म्हणजे कार्ड न्यूकमचं. बेरीज बघितली, ओळ बघितली, स्ट्राइकआउट.

मी फासे उचलले आणि परत टाकले.

"फासा जरा पुस्तकाला टेकला होता," असं मी स्वतःशी मोठ्याने बोललोसुद्धा. दुसऱ्या खेपेला हिट आली, दोन रन, पायरेट्स जिंकले. मी टाळी वाजवली. बायको आतून बघून गेली, काही बोलली नाही. वहीत निकाल लिहिताना मात्र पेन थांबलं. एका हिटने वर्षाच्या सरासरीत जेमतेम ०.००२ चा फरक पडतो, हे गणित मी तिथल्या तिथे करून बघितलं. काही उपयोग झाला नाही. पुढचे दोन वीकेंड खोका उघडला नाही.

तो सामना नंतर खोडून पुन्हा खेळावा असं वाटलं होतं, पण मग तेही परत टाकण्यासारखंच झालं असतं. म्हणून वहीत तसाच ठेवलाय, शेजारी पेन्सिलने 'चोरीचा' असं लिहून. क्लेमेंटेची सरासरी काढताना ती एक हिट दर वेळी हाताने वजा करतो.

सध्या ३४८ वा सामना चालू आहे. पायरेट्स आठांत आठवे आहेत. खऱ्या १९५५ मध्येही आठवेच होते.