राखीव विजेचा राखणदार

ज्वारी हुरड्यात आली की शेतात राखणीचा माळा उभा राहतो. दिवसा पाखरे, रात्री रानडुकरे. माळ्यावरचा राखणदार मधूनमधून हाळी देतो. घरी अंथरुणावर पडलेल्या मालकाच्या कानांवर ती हाळी पडते आणि तो निर्धास्त कूस बदलतो. आता मला सांगा, एखाद्या रात्री हाळी येईनाशी झाली, तर मालकाने काय समजावे? आज डुकरे आली नाहीत म्हणून राखणदार गप्प आहे, असे? की त्याचाच डोळा लागला, असे? जाणता मालक विजेरी घेऊन उठतो आणि शेताची वाट धरतो.

आज मला तुमच्याशी अशाच एका राखणदाराविषयी बोलावयाचे आहे. हा माळ्यावर बसत नाही. संगणकाच्या पोटात बसतो. त्याचे काम एकच. घरातली वीज गेली, आणि संगणक राखीव विजेवर चालू लागला, की ती राखीव वीज किती उरली यावर नजर ठेवायची. आणि ती संपत आली की सगळा कारभार नीट आवरून संगणक बंद करायचा.

पुष्कळ शिक्षकांच्या घरी किंवा शाळेत एक लहानसा संगणक रात्रंदिवस चालू असतो. मुलांचे गुण, हजेरी, घरचे फोटो, दूध संस्थेचा हिशेब, सारे त्याच्यात साठवलेले असते. अशा संगणकाला सर्व्हर म्हणतात. वीज अचानक गेली आणि तो लिहिता लिहिता मध्येच बंद पडला, तर अर्धवट लिहिलेली नोंद बिघडते. कधी कधी साठ्याची सगळी खातेवहीच विस्कटते. म्हणून त्याच्याशेजारी यूपीएस ठेवतात. हे एक पेटीवजा यंत्र, आणि त्याच्या आत बॅटरी. वीज गेली की ते काही मिनिटे संगणकाला जगवते. पण घरी कोणी नसेल तर त्या थोडक्या मिनिटांत संगणक आवरणार कोण? तेच काम ह्या राखणदार आज्ञावलीचे, म्हणजे सॉफ्टवेअरचे.

आता तुम्ही म्हणाल, यात इतिहास तो कसला? इतिहास आहे, आणि चांगला दीडशे वर्षांहून जुना आहे.

1859 मध्ये गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाचे दोन पत्रे गंधकाम्लात बुडवून एक बॅटरी तयार केली. तोवरच्या बॅटऱ्या एकदा संपल्या की त्यांतला मालमसाला बदलावा लागे. प्लांतेची बॅटरी उलट दिशेने वीज सोडली की पुन्हा भरत असे. वीज साठवून ठेवायची आणि अडीअडचणीला काढायची, ही सोय माणसाच्या हाती प्रथम तेव्हा आली. पुढे 1881 मध्ये कामीय फोर याने शिशाच्या संयुगाचा लेप पत्र्यांवर देऊन ती अधिक दमदार केली. तुमच्या मोटारीत, ट्रॅक्टरमध्ये, घरच्या इन्व्हर्टरमध्ये आणि बहुतेक साध्या यूपीएसमध्ये आजही याच घराण्यातली बॅटरी असते.

म्हणजे कणगी तयार झाली. पण कणगीवर नजर कोण ठेवणार, आणि नजर ठेवणाऱ्याची शाश्वती काय? या प्रश्नाचे उत्तर मिळाले ते रेल्वेच्या रुळांवर.

अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन नावाचा एक संशोधक होता. पुढच्या रुळांवर गाडी उभी आहे की नाही, हे सिग्नलने आपोआप सांगावे, अशी त्याची खटपट होती. 1870 च्या सुमारास त्याने पेनसिल्व्हेनियात एक व्यवस्था बसवून पाहिली. तिच्यात गाडी आली की वीज वाहू लागे आणि सिग्नल धोका दाखवी. काम ठीक चाले. पण रॉबिन्सनच्या मनात एक शंका आली. तार तुटली तर? बॅटरी संपली तर? मग गाडी येऊनही वीज वाहणार नाही, आणि सिग्नल खुशाल सांगेल, ‘रस्ता मोकळा आहे, या!’

त्याने सगळी मांडणीच उलटी केली. 1872 मध्ये त्याला तिचे पेटंट मिळाले. नव्या मांडणीत रुळांतून बारीकशी वीज सदोदित वाहती ठेवली. वीज पोचते आहे तोवर रस्ता मोकळा. गाडी आली की तिची चाके आणि आस यांतून ती वीज मधल्यामध्ये वळते, पलीकडे पोचत नाही, आणि सिग्नल धोका दाखवतो. पण गंमत अशी की, तार तुटली तरी वीज पोचत नाही, बॅटरी संपली तरी पोचत नाही. तेव्हाही सिग्नल धोकाच दाखवतो. गाडी विनाकारण थांबेल एवढेच. माणसे मरणार नाहीत. हाळी थांबली की मालकाने उठायचे, हा आपल्या शेतातला नियम रॉबिन्सनने विजेला शिकवला.

आता शंभर वर्षे ओलांडून संगणकाच्या काळात येऊ. सुरुवातीच्या यूपीएसला दोनच शब्द बोलता येत, ‘वीज गेली’ आणि ‘बॅटरी संपत आली.’ पुढे यूपीएस केबलवरून आकडे सांगू लागले. बॅटरी किती टक्के भरली आहे, भार किती आहे, किती मिनिटे उरली आहेत. पण प्रत्येक कंपनीच्या यूपीएसची बोली निराळी. 1998 मध्ये रसेल क्रोल याने त्यासाठी एक आज्ञावली लोकांना मोफत खुली केली. तीच पुढे नेटवर्क यूपीएस टूल्स या नावाने जगभर पसरली. तिच्यात तीन गडी आहेत. पहिला दुभाष्या, तो यूपीएसची बोली समजून घेतो. दुसरा कारकून, तो दुभाष्याकडून आलेली माहिती मांडून ठेवतो आणि विचारील त्याला सांगतो. तिसरा राखणदार, तो कारकुनाला पुन्हा पुन्हा विचारीत राहतो आणि वेळ आली की संगणक आवरायला लावतो.

यांतली एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. दुभाष्याकडून ठरलेल्या वेळात नवी माहिती आली नाही, तर हा कारकून कालचा आकडा आजचा म्हणून सांगत नाही. ‘डेटा स्टेल’ असे तो स्पष्ट कळवतो. म्हणजे माहिती शिळी झाली! शिळी भाकरी ताजी म्हणून वाढायची नाही, हा त्याचा धर्म. पडद्यावर हे शब्द दिसले की पुष्कळजण वैतागतात. वास्तविक आपण त्याचे आभार मानावयास हवेत. हाळी थांबल्याचे तोच तर सांगतो आहे.

असे न सांगणारा राखणदार भेटला तर काय होते, ते 14 ऑगस्ट 2003 रोजी अमेरिकेने पाहिले. ओहायो राज्यात फर्स्टएनर्जी या वीज कंपनीचा नियंत्रण कक्ष होता. तारांवर कोठेही बिघाड झाला की पडद्यावर धोक्याची सूचना उमटावी, अशी तेथे आज्ञावली होती. दुपारी सव्वादोनच्या सुमारास ती अडकली. दोन कामांनी एकाच नोंदीत एकाच वेळी हात घातला होता. आज्ञावली बंद पडल्याचे मात्र कर्मचाऱ्यांना कोणी सांगितले नाही. नवी सूचना येईना, तेव्हा सारे आलबेल आहे असे ते समजून चालले. थोड्या वेळाने मुख्य सर्व्हर कोलमडला. काम राखीव सर्व्हरकडे गेले. पण ती अडकलेली आज्ञावलीही जशीच्या तशी त्याच्या गळ्यात पडली, आणि तेरा मिनिटांत तोही कोलमडला. संगणक विभागाच्या लोकांनी सर्व्हर पुन्हा सुरू केला. पण ‘सूचना उमटू लागल्या का हो?’ असे नियंत्रण कक्षातल्या माणसांना त्यांनी विचारले नाही.

इकडे तीन वाजून पाच मिनिटांनी एक मोठी वीजवाहिनी झाडाला टेकून बंद पडली. मग दुसरी, मग तिसरी. शेजारच्या कंपन्यांचे फोन येत होते, पण आपला पडदा शांत दिसतो ना, मग बाहेरच्याचे खरे कसे मानावे? चार वाजून दहा मिनिटांच्या सुमारास सारा डोलारा कोसळला. अमेरिकेची आठ राज्ये आणि कॅनडातील ओंटारियो प्रांत यांतील सुमारे 5 कोटी लोक अंधारात गेले.

त्याच दिवशीची आणखी एक गोष्ट ऐका. त्या भागाच्या वीजजाळ्यावर देखरेख करणारी एक संस्था इंडियाना राज्यात होती. तिचीही एक आज्ञावली दर पाच मिनिटांनी जाळ्याची तपासणी करी. त्या दुपारी तिच्यात बिघाड झाला. दुरुस्तीसाठी जाणकाराने तिचे आपोआप चालणे बंद केले. दुरुस्ती झाली, पण आपोआप चालणे पुन्हा सुरू करायचे राहून गेले. नेमक्या त्या घटकेला ती झोपलेली राहिली. श्रोतेहो, त्या माणसाला हसू नका. विहिरीवरची मोटार दुरुस्त करून मेन स्विच पाडलेला तसाच ठेवून घरी आलेले आपल्यातही पुष्कळ आहेत!

आणखी एक धडा 2011 चा. 11 मार्चला जपानमध्ये मोठा भूकंप झाला. फुकुशिमाच्या अणुवीजकेंद्राची बाहेरची वीज गेली, तेव्हा राखीव डिझेल जनित्रे बरोबर सुरू झाली. पाऊण तासाच्या पुढेमागे त्सुनामीची लाट आली आणि जनित्रे बुडाली. पहिल्या आणि दुसऱ्या अणुभट्टीच्या बॅटऱ्यांचीही तीच गत झाली. त्याबरोबर नियंत्रण कक्षातले दिवे गेले आणि मोजणीचे काटेही मेले. अणुभट्टीत पाणी किती आहे हे कळायला मार्ग उरला नाही. तेथील कर्मचाऱ्यांनी काय केले, ठाऊक आहे? मोटारगाड्यांच्या बॅटऱ्या काढून आणल्या आणि त्या जोडून काटे जिवंत केले. रात्री पहिल्या अणुभट्टीतील पाण्याच्या पातळीचा आकडा मिळाला. तो दिलासा देणारा होता. पण तो चुकीचा होता, हे नंतर उघड झाले. राखणदारालाही शिदोरी लागते, आणि जागा झालेला राखणदार सांगतो ते दरवेळी खरेच असते असेही नाही.

आता या मोठ्या गोष्टींवरून आपल्या लहान घराकडे वळू. माझ्या ओळखीच्या एका गुरुजींनी शाळेच्या सर्व्हरला यूपीएस जोडला होता. पडद्यावर तीन वर्षे ‘बॅटरी 100 टक्के’ असे दिसत होते. एके दिवशी वीज गेली, आणि एका मिनिटात सर्व्हर धाडकन बंद. बॅटरी भरलेली होती, यात खोटे काही नव्हते. पण ती म्हातारी झाली होती. शेराचे माप झिजून पावशेराचे झाले, की ते शिगोशीग भरूनही धान्य पावशेरच मावायचे! सहामाहीचे गुण गुरुजींना कागदांवरून पुन्हा भरावे लागले. कागद होते म्हणून निभावले.

तेव्हा राखणदार कुरकुर करू लागला, तर रागावू नका, क्रमाने पाहा. आधी केबल. ती यूपीएसला आणि संगणकाला घट्ट बसली आहे का? आणि ती त्याच यूपीएससाठी असलेली आहे ना? काही यूपीएसना भलतीच सिरीयल केबल लावली, तर ते वीजपुरवठाच तोडतात. मग दुभाष्या. आपल्या यूपीएसची बोली जाणणाराच नेमला आहे ना? मग कारकून आणि राखणदार जागे आहेत का? एका यूपीएसवर दोन-तीन संगणक असतील, तर त्यांना निरोप पोचवणारा राउटरही राखीव विजेवर हवा. नाहीतर वीज जाताच निरोप्याच आडवा होतो.

सगळे ठीक झाले असे वाटले, तरी तेथे थांबू नका. ओहायोतील मंडळी तेथेच थांबली होती. आधी साठवलेल्या सगळ्या माहितीची एक प्रत वेगळी काढून ठेवा. सर्व्हर नीट बंद करून बाजूला काढा. त्याच्या जागी तेवढाच भार होईल असे दिवे लावा. दुसरा एखादा संगणक असेल, तर राखणदार आणि यूपीएसची केबल तेवढ्यापुरती त्याच्याकडे सोपवा. मग भिंतीवरचे बटण बंद करा आणि घड्याळ लावून बसा. किती मिनिटे टिकतो? राखणदार वेळेवर ओरडतो का? बॅटरी संपत आल्याचा निरोप खरोखर येतो का? शिशाची बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षांत थकते. म्हणून ही परीक्षा सहामाही-वार्षिकच्या वेळी घ्यावी. मुलांची परीक्षा घेतो, तशी यंत्राचीही घेतली पाहिजे.

गुरुजनहो, रॉबिन्सनची गोष्ट वर्गात जरूर सांगा. एक बॅटरी, एक दिवा आणि थोडी तार एवढ्यावर ती मुलांना दाखवता येईल. दिवा पेटलेला आहे तोवर ठीक. विझला की धोका. मग मुलांना हळूच तार काढायला सांगा आणि विचारा, ‘आता गाडी आली की तार तुटली?’ मुले म्हणतील, ‘कळत नाही.’ त्यावर आपण म्हणावे, ‘बरोबर. कळत नाही, म्हणून गाडी थांबवायची.’

एवढे त्यांच्या मनावर ठसले, तर उद्या त्यांतली काही मुले वीजकेंद्रात, रेल्वेत, दवाखान्यात यंत्रांसमोर बसतील, तेव्हा पडदा शांत दिसला म्हणून स्वस्थ बसून राहणार नाहीत. हाळी ऐकू येईना, की उठून विजेरी हाती घेतील.