परदेशात राहून नवऱ्याला किंवा बायकोला अमेरिकेत न्यायचंय? व्हिसाचा अर्ज कसा होतो आणि गाडी कुठे अडते?

नवरा अमेरिकेचा नागरिक, पण नोकरी पुण्यात. बायकोकडे भारतीय पासपोर्ट. काही वर्षं इथे संसार केल्यावर दोघं ठरवतात की आता अमेरिकेत स्थायिक व्हायचं. लग्न झालेलं आहे, मग बायकोला सोबत नेण्यात अडचण ती काय, असं अनेकांना वाटतं.

प्रत्यक्षात अमेरिकी नागरिकाशी लग्न केल्याने व्हिसा आपोआप मिळत नाही आणि नागरिकत्व तर नाहीच नाही. लग्नामुळे मिळतो तो अर्ज करण्याचा हक्क. पुढचा प्रवास सहसा वर्षभराहून जास्त चालतो. परदेशात एकत्र राहणाऱ्या जोडप्यांना 'आमचं लग्न खरं आहे' हे दाखवणं तुलनेने सोपं जातं. त्यांचं घोडं अडतं ते वेगळ्याच दोन प्रश्नांवर: अमेरिकी जोडीदाराचं घर नक्की कुठे आहे आणि अमेरिकेत गेल्यावर खर्च कोण चालवणार?

हा व्हिसा नेमका कोणता?

अमेरिकी नागरिकाच्या पतीला किंवा पत्नीला कायमचं राहण्यासाठी जो व्हिसा मिळतो, त्याचे दोन प्रकार आहेत: सीआर-१ आणि आयआर-१. अर्ज एकच असतो, फरक लग्नाच्या वयाचा.

अमेरिकेत प्रवेश करण्याच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं पूर्ण झाली नसतील तर सीआर-१. यात दोन वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड मिळतं. त्याची मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१ हा अर्ज करून अट काढून घ्यावी लागते. दोन वर्षं पूर्ण झाली असतील तर आयआर-१ आणि थेट दहा वर्षांचं कार्ड.

लक्षात घ्या, दिवस मोजायचा तो प्रवेशाचा, व्हिसा मिळाल्याचा नाही. पासपोर्टवर सीआर-१ असेल, पण विमान उतरेपर्यंत लग्नाला दोन वर्षं झाली असतील, तर विमानतळावरच्या अधिकाऱ्याला तसं सांगून लग्नाचं प्रमाणपत्र दाखवा.

जोडीदार नागरिक नसून ग्रीन कार्डधारक असेल तर गोष्ट बदलते. तो अर्ज एफ२ए या गटात जातो. तिथे दरवर्षीच्या व्हिसांवर मर्यादा असल्यामुळे रांग लागू शकते. शिवाय ग्रीन कार्डधारकाने स्वतः दीर्घकाळ परदेशात राहणं धोक्याचं. सलग वर्षभराहून जास्त बाहेर राहिल्यास कार्ड सोडून दिल्याचं मानलं जाऊ शकतं. त्यामुळे पुढची माहिती मुख्यतः नागरिकांच्या जोडीदारांसाठी आहे.

पहिली पायरी: आय-१३०

सुरुवात अमेरिकी जोडीदार करतो. तो यूएससीआयएस या खात्याकडे आय-१३० नावाची याचिका दाखल करतो. परदेशी जोडीदाराची माहिती आय-१३०ए या फॉर्ममध्ये जाते. हे काम भारतात बसून ऑनलाइन करता येतं, त्यासाठी अमेरिकेत जावं लागत नाही. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या दरांनुसार ऑनलाइन अर्जाला ६२५ डॉलर आणि कागदी अर्जाला ६७५ डॉलर पडतात. दर बदलत असतात, म्हणून भरण्याच्या दिवशी तपासून घ्या.

'परदेशात राहणाऱ्यांचा अर्ज दूतावासातच घेतात आणि काम दोन-तीन महिन्यांत होतं' असं तुम्ही ऐकलं असेल. ही जुनी गोष्ट झाली. १ फेब्रुवारी २०२० पासून नेहमीच्या याचिका परदेशातल्या कार्यालयांत घेतल्या जात नाहीत. अपवाद मोजके आहेत: गंभीर आजारपण, जिवाला धोका, लष्करी कर्मचाऱ्याची अचानक बदली किंवा अमेरिकेतली नोकरी फारच कमी अवधीत सुरू होणं. अशी अडचण असेल तर पुराव्यांसह वाणिज्य दूतावासाला विचारता येतं. अर्ज घ्यायचा की नाही, हे तेच ठरवतात.

लग्नाचा पुरावा म्हणजे मंगल कार्यालयाची पावती किंवा देवस्थानाचा दाखला नव्हे. विवाह निबंधकाचं नोंदणी प्रमाणपत्र लागतं. महाराष्ट्रात ते महापालिकेचं वॉर्ड ऑफिस, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीतून मिळतं आणि गोव्यात सिव्हिल रजिस्ट्रारच्या कार्यालयातून. कागद फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर आणि त्यासोबत भाषांतरकाराचं सही केलेलं निवेदन जोडा.

मराठी घरांत एक अडचण हमखास येते, ती नावाची. लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव बदलतं, काही घरांत पाळण्यातलं नावही बदलतं. मग जन्मदाखल्यावर एक नाव, पासपोर्टवर दुसरं, लग्नाच्या प्रमाणपत्रावर तिसरंच. अर्जात 'यापूर्वी वापरलेली नावं' या रकान्यात ही सगळी नावं लिहा आणि बदलाचा कागद, उदाहरणार्थ राजपत्रातली नोंद, सोबत ठेवा.

नातं खरं असल्याचे पुरावेही द्यायचे असतात. दोघांच्या नावाचा भाडेकरार, जॉइंट खातं, विम्यातलं वारसाचं नाव, मुलांचे जन्मदाखले, एकत्र प्रवासाची तिकिटं. लग्नाच्या अल्बममधले दोनशे फोटो पाठवण्यापेक्षा वेगवेगळ्या वर्षांतले दहा-बारा फोटो जास्त बोलके ठरतात.

दुसरी पायरी: नॅशनल व्हिसा सेंटर

आय-१३० मंजूर झाली म्हणजे व्हिसा मिळाला असं नाही. फाइल नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. तिथे दोन शुल्कं भरायची असतात: व्हिसा अर्जाचे ३२५ डॉलर आणि आर्थिक हमीपत्राच्या तपासणीचे १२० डॉलर. मग परदेशी जोडीदार डीएस-२६० हा ऑनलाइन अर्ज भरतो आणि कागदपत्रं अपलोड होतात. या टप्प्यावर सूचना आल्यानंतर वर्षभर काहीच हालचाल केली नाही, तर केस रद्द होऊ शकते.

पोलीस दाखला वयाची १६ वर्षं पूर्ण झालेल्या अर्जदाराला लागतो. भारतात तो पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतो. दुसऱ्या देशात १२ महिने किंवा जास्त राहिला असाल तर तिथलाही लागतो. सध्या ज्या देशात राहता, तिथे मात्र सहा महिन्यांहून जास्त मुक्काम झाला असला तरी दाखला द्यावा लागतो. दुबई, मस्कत, सिंगापूर अशी नोकरी फिरून आलेल्यांनी हे काम आधीच हाती घ्यावं. देश सोडल्यावर तिथला दाखला मिळवायला वेळ जातो.

खरी अडचण: डोमिसाइल

आपल्याकडे डोमिसाइल म्हटलं की तहसील कार्यालयाचा दाखला आठवतो. अमेरिकेत तसा एकच दाखला नसतो. इथे डोमिसाइल म्हणजे तुमचं मुख्य घर, जिथे तुम्ही कायम राहू इच्छिता ती जागा.

जोडीदाराला बोलावणाऱ्या नागरिकाला आय-८६४ हे आर्थिक हमीपत्र द्यावंच लागतं आणि ते देणाऱ्याचं डोमिसाइल अमेरिकेत असावं लागतं. पुण्यात आठ वर्षं राहणाऱ्या माणसाने हे कसं दाखवायचं? दोन मार्ग आहेत.

एक, अमेरिकेतलं बस्तान कधी मोडलंच नाही असं दाखवणं. तात्पुरत्या कामासाठी परदेशी असणं, तिथलं बँक खातं, मतदार नोंदणी, घर, वाहन परवाना, नियमित भरलेला कर.

दोन, जोडीदाराच्या प्रवेशाच्या दिवसापर्यंत आपण तिथे पुन्हा बस्तान बसवणार आहोत, असं दाखवणं. नोकरीची ऑफर किंवा पाठवलेले अर्ज, घर भाड्याने घेण्याचा करार, नातेवाइकाकडे राहण्याची सोय असल्याचं पत्र, मुलांचा शाळाप्रवेश, इथलं घर सोडण्याची नोटीस, सामान पाठवण्याचं कोटेशन. नुसतं 'जायचा विचार आहे' पुरत नाही, पावलं उचललेली दिसायला हवीत.

दोघं एकाच विमानाने जाऊ शकता, किंवा नागरिक आधी जाऊ शकतो. पण जोडीदाराला पुढे पाठवून 'मी वर्षभराने येतो' असं चालत नाही.

उत्पन्न कोणाचं मोजतात?

हमी देणाऱ्याचं उत्पन्न अमेरिकी सरकारच्या दारिद्र्य निर्देशांकाच्या किमान १२५ टक्के असावं लागतं. २०२५ च्या दरांनुसार अलास्का आणि हवाई सोडून इतर राज्यांत दोन माणसांच्या कुटुंबासाठी हा आकडा २६,४३७ डॉलर येतो.

पुण्यातला पगार यापेक्षा जास्त असला तरी तो मोजला जाईलच असं नाही. नोकरी सोडून निघणार असाल तर तो पगारही थांबणार. अमेरिकेत गेल्यावर त्याच ठिकाणाहून उत्पन्न चालू राहणार असेल, तरच ते धरतात.

उत्पन्न कमी पडलं तर बचत, गुंतवणूक किंवा मालमत्ता दाखवता येते. नागरिकाच्या जोडीदारासाठी ती तुटीच्या तिप्पट लागते. म्हणजे १०,००० डॉलर कमी पडत असतील तर ३०,००० डॉलरची मालमत्ता, तीही वर्षभरात रोखीत बदलता येईल अशी.

तिसरा मार्ग संयुक्त हमीदाराचा. अमेरिकेत राहणारा कोणीही सज्ञान नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक हमी देऊ शकतो, तो नातेवाईक असलाच पाहिजे असं नाही. पण हमीदार फक्त पैशांची उणीव भरून काढतो, डोमिसाइलची नाही. मूळ अर्जदाराचं डोमिसाइल सिद्ध झालं नाही, तर श्रीमंत काकाचा उपयोग शून्य.

काकांना सही मागण्याआधी ती कशाची आहे, हेही सांगा. ही हमी कायद्याने बांधणारी असते. जोडीदार अमेरिकेचा नागरिक होईपर्यंत, त्याच्या नावावर कामाच्या ४० तिमाही जमा होईपर्यंत, किंवा तो ग्रीन कार्डचा दर्जा सोडून देश कायमचा सोडेपर्यंत किंवा त्याचा मृत्यू होईपर्यंत ती टिकते. घटस्फोटाने ती सुटत नाही.

परदेशी राहणाऱ्या अमेरिकी नागरिकांनाही उत्पन्न ठरावीक मर्यादेपलीकडे असेल तर अमेरिकेत कर विवरणपत्र भरावं लागतं, प्रत्यक्ष कर शून्य आला तरी. हमीपत्रासोबत शेवटचं विवरणपत्र मागतात. ते भरायचं राहिलं असेल तर आय-१३० प्रलंबित असतानाच ते काम उरका.

मुलाखत आणि त्यानंतर

भारतात राहणाऱ्यांची मुलाखत मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात होते. त्याआधी दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरांकडेच वैद्यकीय तपासणी आणि लसींची नोंद करून घ्यायची असते. फॅमिली डॉक्टरचा रिपोर्ट चालत नाही. व्हिसाची मुदत या तपासणीला बांधलेली असते आणि ती साधारण सहा महिन्यांपर्यंतच असते. म्हणून इथलं घर, नोकरी, मुलांची परीक्षा यांचं गणित आधी बसवा.

व्हिसा हाती आला की २३५ डॉलर इमिग्रंट फी ऑनलाइन भरायची. विमानतळावर व्हिसावर शिक्का बसला की तोच वर्षभर ग्रीन कार्डसारखा चालतो आणि लगेच काम करता येतं.

या चुका टाळा

अर्ज प्रलंबित असताना पर्यटक व्हिसावर जाऊन तिथेच राहून जायचं, हा सल्ला समाजमाध्यमांवर सर्रास मिळतो. कायम राहण्याचा बेत लपवून प्रवेश करणं ही फसवणूक ठरू शकते आणि तिचे परिणाम आयुष्यभर भोगावे लागू शकतात.

पूर्वी अमेरिकेत मुदतीपेक्षा जास्त राहिला असाल तर ते लपवू नका. सलग १८० दिवसांहून जास्त बेकायदा राहून बाहेर पडलेल्यावर तीन वर्षांची आणि एक वर्ष किंवा त्याहून जास्त राहिलेल्यावर दहा वर्षांची बंदी लागू शकते. अशा प्रकरणात अर्ज करण्याआधीच परवानाधारक इमिग्रेशन वकिलाला भेटा.

'खात्रीने व्हिसा' देणाऱ्या एजंटपासूनही लांब राहा. अशी खात्री कोणीच देऊ शकत नाही. फॉर्म सरकारी संकेतस्थळांवर मोफत मिळतात आणि त्या संकेतस्थळांच्या पत्त्याचा शेवट 'डॉट गव्ह' असा असतो.

अमेरिकेत जायचा बेत दोन वर्षांनंतरचा असेल तर घाई कशाला, असं वाटेल. पण याचिकेला लागणारा वेळ पाहता, कामाची सुरुवात आजच करण्यासारखी आहे: लग्नाची नोंदणी, नावांचा मेळ, राहिलेली विवरणपत्रं आणि अमेरिकेतलं एखादं चालू खातं. सामान बांधायला घ्याल तोवर यातलं प्रत्येक काम दुप्पट अवघड झालेलं असतं.