व्युत्पत्तीची थट्टा आणि थट्टेची मर्यादा

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात किंवा कोजागरीच्या बैठकीत करमणुकीचा एक खेळ चांगला रंगतो. चिठ्ठीवर एखादा वाक्प्रचार लिहिलेला असतो. ज्याच्या हाती ती चिठ्ठी येईल, त्याने उभे राहून त्या वाक्प्रचाराचा ‘इतिहास’ तेथल्या तेथे रचून सांगावयाचा. अटी दोनच : चेहरा गंभीर ठेवावा आणि निदान एक तरी सन द्यावा. ‘हातावर तुरी देणे’ निघाले, की राघोबादादांच्या छावणीतील मुदपाकखान्याचा कारभारी उभा राहतो. वसुलीस आलेल्या सावकाराच्या तळहातावर तो मूठभर तुरी ठेवतो. सावकार दाणे मोजू लागतो, आणि मोजणी संपते तोवर फौज अटकेपार गेलेली असते. ‘शिक्कामोर्तब’ निघाले, की मोरोपंत पिंगळे अवतरतात. शिक्का मोरोपंतांचा, आणि ‘तब’? तो आपल्या हिंदीभाषक शेजाऱ्यांनी जोडला! सभा हसते, आणि हसावेच.

ही कला आपल्याकडे परकी नाही. तमाशाच्या बतावणीत सोंगाड्या ऐन वेळी शब्दाचा अर्थ फिरवून हशा मिळवितो. कोकण-गोव्याच्या दशावतारी नटांपुढे लिहिलेली संहिता नसते; आख्यान ठाऊक असते, संवाद ते रंगमंचावरच रचतात. ‘नमनाला घडाभर तेल’ ही म्हण अशाच रात्रीच्या खेळांतून आली. खेळ मशालींच्या उजेडात चालत आणि त्यांना तेल पाजावे लागे. नमनच लांबले, तर मुख्य आख्यानास तेल उरावे कोठून? येथे खरे मूळ रचलेल्या कथेहून कमी गमतीचे नाही.

ओढूनताणून जुळविलेल्या नात्याला तर आपल्या पूर्वजांनी नावच देऊन ठेवले आहे : बादरायण संबंध. एक अनोळखी पाहुणा गाडी सोडून एका घरी उतरतो. यजमानाने नाते विचारले असता तो सांगतो, की तुमच्या अंगणात बोरीचे झाड आहे आणि माझ्या गाडीचे चाक बोरीच्या लाकडाचे आहे. बोरीला संस्कृतात बदरी म्हणतात. तेव्हा आपला संबंध बादरायण! चिठ्ठीच्या खेळातील प्रत्येक व्युत्पत्ती ही त्या पाहुण्याचीच वंशज होय.

मग आमची तक्रार कशाबद्दल? थट्टेबद्दल मुळीच नाही. तक्रार आहे ती थट्टेतून हसू गळून पडल्यानंतर जे उरते त्याबद्दल. बैठकीत ऐकलेली कथा ऐकणारा मूल असतो. पुढे तो मोठा होऊन एखाद्या स्मरणिकेत ती लिहितो. गंभीर चेहरा लक्षात राहतो, खेळ विसरला जातो. तिसरा तीच कथा ‘असे म्हणतात’ हे शब्द वगळून उतरून घेतो. अशा रीतीने बोरीचे चाक इतिहासाच्या गाडीला लागते.

‘संक्रांत ओढवणे’ हे त्याचे ठळक उदाहरण. पानिपतचा संहार संक्रांतीच्या दिवशी झाला, म्हणून संक्रांत म्हणजे संकट, असे अनेक घरांत सांगितले जाते. शिंदे-होळकरांच्या फौजांमागोमाग उत्तरेत आलेल्या कुळांना तर हे आपलेच दुःख वाटते. लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली हे खरे. परंतु त्या काळी संक्रांत १४ जानेवारीस येत नसे. संक्रांत सूर्याच्या निरयन गतीवर ठरते, आणि इंग्रजी तारखेच्या मानाने ती सुमारे सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी झाला, तो दिवस मकरसंक्रांतीचा होता. त्या हिशेबाने १७६१ ची संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास पडते. आजच्या दिनदर्शिकेची तारीख मागे नेऊन आपण पानिपतास चिकटविली, एवढाच त्याचा अर्थ.

या वाक्प्रचाराचा खुलासा शोधावयास रणांगणावर जाण्याची गरजही नाही. तो घरच्या पंचांगात आहे. दर वर्षीच्या संक्रांतिफलात संक्रांत ही देवता म्हणून वर्णिलेली असते : तिचे वाहन, वस्त्र, हातातील शस्त्र, येण्याची, जाण्याची आणि पाहण्याची दिशा. ती जे ल्याली-नेसली असेल ते महाग होते आणि जिकडे जाते वा पाहते तिकडे पीडा होते, हा समज. ‘यंदा संक्रांत कोणावर?’ हा प्रश्न त्या पानावरून उठून बोलीत आला. पानिपताने आपल्याला ‘पानिपत होणे’ दिले, ‘विश्वास गेला पानिपतात’ ही विश्वासरावांच्या नावावरची हृदयद्रावक कोटी दिली, पेशव्यांच्या फौजेबरोबरचे ‘बाजारबुणगे’ घरोघरी पोचविले. त्याच्या पदरी नसलेले आणखी एक देणे घालण्याचे कारण नाही.

आता मोरोपंतांच्या ‘शिक्कामोर्तबा’कडे वळू. आयुष्य सरकारी कागदांत गेल्याने या शब्दाविषयी आम्हांस थोडी अधिक आस्था आहे. जुन्या पत्रांच्या अखेरीस ‘मोर्तब सूद’ अशी अक्षरे आढळतात. ती फारसीतील ‘मुरत्तब शुद’, म्हणजे ‘व्यवस्थित पुरे झाले’, यांचे मराठी रूप. मुख्य शिक्का वर आणि मजकूर संपतो तेथे लहान मोर्तब, अशी रीत होती. शिवछत्रपतींच्या पत्रांअखेरच्या मुद्रेत तर ‘मर्यादा’ हाच शब्द आहे. हेतू उघड होता : येथे लेखन संपले, यापुढे कोणी एक अक्षरही वाढवू नये.

परंतु अक्षर शेवटी न वाढविता मध्येच बदलले तर? तेथे ‘ध चा मा करणे’ उभे राहते, आणि तेथे हसू थांबते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून राघोबादादांस दोषी ठरविले. १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रँट डफच्या इतिहासात अशी हकीकत आहे, की गारद्यांना दिलेल्या लेखी हुकुमातील ‘धरावे’ या शब्दाचे ‘मारावे’ केलेले आढळले. तो बदल आनंदीबाईंनी केला, ही गोष्ट मात्र तो सार्वत्रिक समज म्हणूनच नोंदवितो. ज्यांच्यावर दोष ठेवला गेला ते राघोबादादा आज ‘अटकेपार झेंडे’ या गौरवाच्या शब्दांत स्मरले जातात, कारण १७५८ साली ते लाहोरास पोचले होते. आणि ज्यांच्याविषयी ‘समज’ होता त्या आनंदीबाई अडीचशे वर्षे एका वाक्प्रचाराच्या कोठडीत आहेत. त्यांना निर्दोष ठरविण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु वाक्प्रचार म्हणजे निकालपत्र नव्हे, एवढे मुलांना सांगणे आपल्या हाती आहे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. खेळ चालू द्यावा. किंबहुना तो वाढवावा, कारण मराठी शाळा दुरावलेल्या आपल्या नातवंडांना वाक्प्रचार निदान त्या निमित्ताने तोंडी बसतात. मात्र हशा ओसरल्यावर कोणीतरी मोल्सवर्थचा १८५७ चा कोश किंवा दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ उघडून खरा अर्थ वाचून दाखवावा. जेथे उगम सापडत नसेल तेथे ‘ठाऊक नाही’ म्हणावे. आणि स्मरणिकेत एखादी रचलेली कथा छापावयाचीच असेल, तर तिच्याखाली ‘ही थट्टा आहे’ असे स्पष्ट लिहून मग मोर्तब करावे.