क्वीन (रॉक बँड)

क्वीन हा १९७० साली लंडन येथे स्थापन झालेला ब्रिटिश रॉक बँड होय. फ्रेडी मर्क्युरी (गायन व पियानो), ब्रायन मे (गिटार व गायन), रॉजर टेलर (ड्रम व गायन) आणि जॉन डीकन (बेस गिटार) हे त्याचे चार प्रमुख सदस्य होत. अनेक आवाजांचे भरगच्च वृंदगान हे क्वीनच्या संगीताचे ठळक लक्षण मानले जाते. १९७५ पर्यंत हे वृंदगान स्टुडिओत मोजक्या आवाजांचे थर एकमेकांवर चढवून घडविले जाई. १९७७ साली मात्र बँडने श्रोत्यांनाच गाण्यात सामील करून घेणारी रचना केली. १९७० च्या दशकातील क्वीनची वाटचाल मुख्यतः या दोन टोकांमधील आहे.

स्थापना

ब्रायन मे आणि रॉजर टेलर हे १९६८ पासून ‘स्माईल’ नावाच्या बँडमध्ये वाजवीत असत. १९७० मध्ये त्याचे गायक टिम स्टॅफेल बाहेर पडले आणि त्यांची जागा फ्रेडी बल्सारा यांनी घेतली. ‘क्वीन’ हे नाव त्यांनीच सुचविले; त्याच सुमारास त्यांनी स्वतःसाठी मर्क्युरी हे आडनाव घेतले. ईलिंग येथील कला महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले होते. सदस्यांच्या राशींवर आधारलेले बँडचे बोधचिन्ह त्यांनी रेखाटले. त्यात सिंह राशीचे दोन सिंह, कर्क राशीचा खेकडा आणि कन्या राशीच्या दोन पऱ्या आहेत. १९७१ साली डीकन सामील झाल्यावर चौघांचा संच पूर्ण झाला.

मे हे लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये भौतिकशास्त्राचे विद्यार्थी होते, तर डीकन यांनी इलेक्ट्रॉनिक्सचा अभ्यास केला होता. मे यांची ‘रेड स्पेशल’ ही गिटार त्यांनी वडिलांच्या मदतीने घरीच बनविली होती. तिच्या दांड्यासाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीतील महोगनी लाकूड वापरले होते.

मर्क्युरी आणि पाचगणी

मर्क्युरी यांचे मूळ नाव फारुख बल्सारा. त्यांचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबार येथे एका पारशी कुटुंबात झाला. बालपणीच त्यांना सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथील सेंट पीटर्स या निवासी शाळेत पाठविण्यात आले. तेथे ते पियानो शिकले. शाळासोबत्यांच्या ‘द हेक्टिक्स’ या बँडमध्ये ते पियानो वाजवीत आणि पाश्चात्त्य लोकप्रिय गाणी सादर करीत. ‘फ्रेडी’ हे नावही त्यांना शाळेतच मिळाले. १९६४ मधील झांझिबारच्या क्रांतीनंतर हे कुटुंब इंग्लंडला स्थलांतरित झाले.

आरंभीचे अल्बम

‘क्वीन’ हा पहिला अल्बम १९७३ साली निघाला. ‘क्वीन २’ आणि ‘शीअर हार्ट अटॅक’ हे पुढील दोन अल्बम १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘सेव्हन सीज ऑफ ऱ्हाय’ हे गाणे ब्रिटनच्या लोकप्रियतेच्या यादीत १० व्या, तर ‘किलर क्वीन’ २ ऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. या काळातील अल्बमवर सिंथेसायझर वापरलेला नसल्याची स्पष्ट नोंद असे. मे गिटारचेच अनेक थर मुद्रित करून वाद्यवृंदाचा आभास निर्माण करीत. तीच पद्धत आवाजांसाठीही वापरली जाई.

बोहेमियन ऱ्हॅप्सडी

या पद्धतीचा कळस मर्क्युरी यांनी रचलेल्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या गाण्यात दिसतो. ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी प्रसिद्ध झालेले हे गाणे ५ मिनिटे ५५ सेकंदांचे असून त्याला नेहमीसारखे ध्रुवपद नाही. वृंदगानाने आरंभ, पियानोच्या साथीने गायलेला भाग, गिटारचे एकलवादन, ऑपेराच्या धर्तीचा भाग, जोरकस रॉक आणि शांत शेवट असे त्याचे टप्पे आहेत.

ध्वनिमुद्रणाचा प्रारंभ वेल्समधील रॉकफील्ड स्टुडिओत झाला. रॉय थॉमस बेकर हे बँडसह निर्माते होते. ऑपेराच्या भागातील समूह प्रत्यक्षात मर्क्युरी, मे आणि टेलर या तिघांचाच आहे. फितीवर एका वेळी २४ स्वतंत्र मुद्रणांना जागा होती. ती भरली की सर्व आवाज एकत्र करून नव्या आवाजांसाठी जागा मोकळी केली जाई. या भागाला सुमारे तीन आठवडे लागले. वारंवार वापरून फीत इतकी झिजली की तिच्यातून आरपार दिसू लागले, अशी आठवण मे यांनी सांगितली आहे.

एवढे लांब गाणे आकाशवाणी केंद्रे लावणार नाहीत, अशी भीती व्यक्त झाली होती. परंतु लंडनच्या कॅपिटल रेडिओवरील निवेदक केनी एव्हरेट यांनी ते एका शनिवार-रविवारी अनेकदा लावले आणि मागणी वाढली. दूरचित्रवाणीसाठी ब्रूस गावर्स यांनी दिग्दर्शित केलेली चित्रफीतही गाजली. गाणे ब्रिटनमध्ये सलग ९ आठवडे प्रथम क्रमांकावर राहिले आणि ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ हा अल्बमही अग्रस्थानी पोहोचला.

या यशातच एक अडचण होती. तिघांच्या आवाजांचे असे असंख्य थर मंचावर उभे करणे अशक्य होते. त्यामुळे ऑपेराचा भाग ध्वनिफितीवर वाजविला जाई. त्या वेळी वादक मंचाबाहेर जात आणि रॉकचा भाग सुरू होताच परत येत.

श्रोत्यांचे वृंदगान

१९७६ साली लंडनच्या हाइड पार्कमधील क्वीनच्या विनामूल्य कार्यक्रमाला सुमारे दीड लाख श्रोते जमले होते. १९७७ मध्ये स्टॅफर्ड येथील कार्यक्रमानंतर श्रोत्यांनी आपणहून गाणे म्हटले. त्यावरून मे यांना ‘वी विल रॉक यू’ या गाण्याची कल्पना सुचली. दोनदा पाय आपटणे आणि एकदा टाळी, हाच त्याचा ताल आहे. दाटीत उभ्या असलेल्या श्रोत्यालाही तो सहज धरता येतो. त्यात ड्रम वापरलेले नाहीत. पूर्वी चर्च असलेल्या लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत लाकडी फळ्यांवर पाय आपटून हा ताल मुद्रित केला गेला. त्याच्या आवृत्त्या वेगवेगळ्या सूक्ष्म अंतरांनी जोडल्यामुळे प्रतिध्वनीऐवजी मोठ्या जमावाचा भास होतो. ही अंतरे ठरविताना मे यांनी मूळ संख्यांचा आधार घेतला.

त्याच एकल तबकडीच्या दुसऱ्या बाजूवर मर्क्युरी यांचे ‘वी आर द चॅम्पियन्स’ होते. ही दोन्ही गाणी पुढे जगभरच्या क्रीडांगणांवर रूढ झाली. पंक संगीताच्या त्या काळात काही समीक्षकांना मात्र क्वीनची शैली भपकेबाज आणि जमावावर हुकूम गाजवणारी वाटली.

उत्तरकाळ

१९७९ मधील ‘क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह’ हे साध्या बांधणीचे गाणे १९८० मध्ये अमेरिकेत प्रथम क्रमांकावर गेले. त्याच वर्षीच्या ‘द गेम’ या अल्बममध्ये क्वीनने पहिल्यांदा सिंथेसायझर वापरला. १३ जुलै १९८५ रोजी वेम्बली येथील ‘लाइव्ह एड’ कार्यक्रमात हजारो श्रोत्यांनी एकाच वेळी हात उंचावून दिलेल्या टाळ्या विशेष स्मरणात राहिल्या. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी मर्क्युरी यांचे एड्समुळे उद्भवलेल्या न्यूमोनियाने निधन झाले. त्यांचे अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केले. त्यानंतर पुन्हा प्रसिद्ध झालेले ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ ब्रिटनमध्ये दुसऱ्यांदा प्रथम क्रमांकावर पोहोचले.