दुष्काळानं दिलेले मासे

आमच्या तालुक्यात, तुळजापुरात, नळदुर्गचा पाणीमहाल आहे. बोरी नदी अडवून इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३ साली बांधलेला. तो बघून पाहुण्यांना वाटतं, इकडं तळ्यातली मासेमारीही तेवढीच जुनी असणार. तसं नाही. बालाघाटाच्या या पठारावर उन्हाळ्यात नद्यांचे डोह तेवढे उरायचे. भोई मंडळी त्यातनं मरळ, वाम काढायची. बाजारादिवशी एखादी टोपली, बाकी घरच्या कालवणाला.

गावोगाव तळी झाली ती १९७२च्या दुष्काळात. आमच्या पाझर तलावाच्या भरावावर आईनं पाट्या वाहिल्या. दुष्काळी कामावर खायला वाटत त्या सुकडीच्या आशेनं मी तिच्यामागं जायचो. तेव्हा मासे कुणाच्याच डोक्यात नव्हते. हाताला काम मिळावं आणि विहिरींना पाणी यावं, एवढंच.

पुढं त्या पाण्यात कटला, रोहू, मृगळ आले. मूळचे गंगेच्या खोऱ्यातले हे मासे साठलेल्या पाण्यात झकास वाढतात, पण तिथं वीत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून पूर्वी त्यांचं बीज नदीतनंच गोळा करावं लागे आणि त्यात नको त्या जातीही यायच्या. १९५७ साली ओडिशात हिरालाल चौधरी यांनी पियूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचं प्रजनन घडवून आणलं. ती सुई नसती तर आमच्या आडरानात कटला पोचला नसता, असं माझं ठाम मत आहे.

आता तलावाचा ठेका सहकारी संस्थेकडं असतो, जाळं मात्र भोयांच्याच हातात. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून ते पहाटे पाण्यात जातात.

पण एक अडचण आहे. पाझर तलाव पाणी मुरवायलाच बांधलेला. पाऊस कमी झाला की उन्हाळा लागायच्या आत तळ दिसतो. पावसाळ्यात सोडलेलं जिरं, म्हणजे माशांची अगदी बारीक पिल्लं, तोवर विकण्याजोगं होत नाही, त्यातलं बरंचसं मरळच गिळते. ठेका घेणाऱ्या संस्थांना एवढंच सांगणं आहे: स्वस्त जिऱ्याच्या नादी लागू नका. चार पैसे जास्त गेले तरी बोटाएवढी बोटुकलीच सोडा.