ढेकूण, डीडीटी आणि सोफा

परवा मुलाच्या घरी सोफ्याच्या शिवणीत ढेकूण निघाले आणि सूनबाई रडकुंडीलाच आली. "लोक काय म्हणतील, बाबा?"

मंडळी, आमच्या लहानपणी यात लाज नव्हती. उन्हाळ्यात आळीभर खाटा अंगणात यायच्या आणि त्यांच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतलं जायचं. १९५३ साली सरकारने हिवतापाविरुद्ध मोहीम काढली. फवारणीवाले येऊन भिंतींवर डीडीटी मारून जायचे. मारायचे होते डास, पण ढेकूणही पटापट मेले. आजी भलतीच खूश! पुढे ढेकणांना डीडीटी पचायला लागली (हवाई बेटांवर हे १९४७ सालीच दिसलं होतं). ते परत आले, तशी आजी फवारणीवाल्यांना दारातूनच परत पाठवू लागली.

लाज आली ती सोफ्याबरोबर. खाट उन्हात टाकता येते, सोफा कुठे नेणार?

१९७८ साली वर्गातल्या एका मुलाच्या सदऱ्यावर ढेकूण दिसला म्हणून मी त्याला वेगळं बसवलं. महिन्याभरात आमच्याच नव्या सोफ्यात ढेकूण सापडले. त्या मुलाला मात्र मी परत जागेवर बस म्हटलं नाही. वर्ष तसंच संपलं.

असो. सूनबाईला सांगितलं, सोफा उलटा कर, खालचं कापड उसव, शिवणींतून सावकाश वाफ फिरव. वाफेने अंडीसुद्धा मरतात. पंधरा दिवसांनी पुन्हा बघ. आणि कामाच्या मावशींना काही विचारू नकोस. हे दोनदा सांगितलं.