न विकलेल्या गाडीचा बाजार

1942 सरता सरता इंग्लंडातल्या क्लिदरो गावी दोन बडे कारखानदार जेवायला बसले आणि पानावरून उठण्याआधी त्यांनी धंद्याची अदलाबदल ठरवून टाकली, असे सांगतात. एक होते रोव्हरचे स्पेन्सर विल्क्स, दुसरे रोल्स-रॉइसचे अर्नेस्ट हाइव्ह्ज. फ्रँक व्हिटल यांचे जेट इंजिन कारखान्यात घडवण्याचे काम रोव्हरकडे होते, पण व्हिटल आणि रोव्हर यांचे मुळीच पटत नव्हते. रोव्हरने जेटचे काम रोल्स-रॉइसला दिले आणि बदल्यात रणगाड्याच्या मीटिअर इंजिनाचे काम घेतले. जेट कारखान्यातून गेले, पण रोव्हरच्या अभियंत्यांच्या डोक्यातून गेले नाही. टर्बाइनवर चालणाऱ्या मोटारीचे कूळ इथे सुरू होते.

युद्ध संपल्यावर स्पेन्सर यांचे भाऊ मॉरिस विल्क्स यांनी एकीकडे लँड रोव्हर उभी केली आणि दुसरीकडे टर्बाइन गाडीचे काम चालू ठेवले. मार्च 1950 मध्ये ‘जेट 1’ लोकांपुढे आली. टपाविना, दोन आसनी, इंजिन पाठीमागे. तिच्या नंबरप्लेटवरही ‘जेट 1’ हीच अक्षरे होती. 1952 मध्ये बेल्जियममधल्या याब्बेकच्या रस्त्यावर तिने ताशी सुमारे 245 किलोमीटरचा वेग गाठला. त्या वेळी चाक हातात होते ते विल्क्स बंधूंचे भाचे स्पेन किंग यांच्या. रेंज रोव्हर घडवणारे म्हणून जग त्यांना पुढे ओळखू लागले. ‘जेट 1’ आता लंडनच्या सायन्स म्युझियमच्या मालकीची आहे.

या इंजिनाचे आकर्षण समजायला सोपे आहे. हवा आत ओढायची, दाबायची, तिच्यात इंधन जाळायचे आणि तापलेल्या वायूच्या झोताने पाती फिरवायची. पिस्टनची खालीवर धावपळ नाही, म्हणून थरथर नाही. रेडिएटर लागत नाही. स्पार्क प्लग एकच, तोही फक्त चालू करण्यापुरता. इंधनाचेही फारसे चोचले नाहीत.

मग घराघरांतून टर्बाइनची पोरे जन्माला आली. फियाटने 1954 मध्ये ‘टुर्बिना’ तुरीनच्या लिंगोटो कारखान्याच्या गच्चीवरच्या धावपट्टीवर पळवली. रेनोच्या ‘एत्वाल फिलांत’ने 1956 मध्ये अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर ताशी 300 किलोमीटरचा टप्पा ओलांडला. जनरल मोटर्समध्ये हार्ली अर्ल यांनी ‘फायरबर्ड’ काढली. ती गाडी कसली, चाके लावलेले लढाऊ विमानच! डेटोना 500 शर्यतीच्या विजेत्याला मिळणाऱ्या हार्ली अर्ल चषकावर तिचीच छोटी प्रतिकृती बसवलेली असते. रस्त्यावर कधीच न आलेली गाडी अशी चषकावर चढून बसली.

या सगळ्यांत संसाराला लागायच्या सर्वांत जवळ पोचली ती क्रायस्लर. जॉर्ज ह्यूबनर यांच्या हाताखालच्या चमूने 1954 मध्ये साध्या प्लिमथ गाडीत टर्बाइन बसवले आणि 1956 मध्ये तशीच एक प्लिमथ न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला नेली. मे 1963 मध्ये आली खास टर्बाइनसाठीच घडवलेली गाडी. आरेखन एलवूड एंगल यांचे, बॉडी तुरीनच्या घिया कारखान्यात हाताने घडवलेली, रंग तांबूस-सोनेरी. दिव्यांभोवतीच्या कड्यांवर आणि चाकांच्या टोप्यांवर टर्बाइनची पाती कोरलेली होती. मागचे दिवे जेटच्या नळकांड्यांसारखे होते. शक्ती 130 अश्वशक्ती, म्हणजे बेताचीच. पण गाडी जागेवर उभी असतानाही इंजिन मिनिटाला वीसेक हजार फेरे घेई आणि भरात आले की 44,000 च्या वर जाई. डिझेल, रॉकेल, वनस्पती तेल, सगळे तिला चाले. मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष आदोल्फो लोपेस मातेओस यांनी तर ती टकिलावर चालवली. गंमत म्हणजे तेव्हा पंपावर सहज मिळणारे शिसेयुक्त पेट्रोलच तिला बाधे. शिशाचे थर पात्यांवर बसत.

क्रायस्लरने सुरुवातीचे पाच नमुने आणि लोकांच्या हाती द्यायच्या 50, अशा 55 गाड्या केल्या. विकायची एकही नाही. ऑक्टोबर 1963 पासून जानेवारी 1966 पर्यंत 203 सामान्य अमेरिकन कुटुंबांना गाडी तीन-तीन महिने वापरायला दिली. भाडे काही नाही, इंधन तेवढे आपले आपण भरायचे. या गाड्या मिळून दहा लाख मैलांहून अधिक धावल्या. लोक खूश होते. थरथर नाही, आणि थंडीत हीटर लगेच ऊब देई. तक्रारीही होत्या. पेडल दाबल्यावर गाडी क्षणभर विचार करून मग निघे, आणि इंधन बेसुमार जाई, विशेषतः सिग्नलला थांबून थांबून चालताना. टर्बाइनला सलग धाव मानवते. शहरातली थांब-चाल तिला महाग पडते. शिवाय त्या उष्णतेला टिकणारे मिश्रधातू स्वस्त नव्हते. पुढे 1970 नंतर धुरावरचे नियम कडक झाले आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा प्रश्नही आडवा आला.

प्रयोग संपला तेव्हा क्रायस्लरने 46 गाड्या मोडून-जाळून टाकल्या. इटलीहून आणलेल्या बॉड्यांवर आयात शुल्क भरावे लागले असते, हे एक कारण सांगतात. मला दुसरे अधिक पटते. सुटे भाग नसलेल्या या गाड्या बाहेर गेल्या असत्या, तर उद्या कुणीतरी त्यांत साधे इंजिन ठोकून त्या जुन्या गाड्यांच्या बाजारात उभ्या केल्या असत्या, आणि नाव खराब झाले असते कंपनीचे. उरल्या फक्त नऊ. संग्रहालयांना दिल्या त्यांची इंजिने आधी निकामी केली. आजही चालू स्थितीतली एक विनोदकार जे लेनो यांच्याकडे आहे.

म्हणजे हौशी माणसाने गाडी घ्यायचे ठरवले तरी घेणार कुठून? इथून तिच्या आठवणींचा बाजार सुरू होतो. डेट्रॉइटच्या जो-हॅन कंपनीने या गाडीचा 1:25 मापाचा, वीतभर लांबीचा प्लास्टिकचा नमुना काढला. तयार खेळणेही आणि घरी जोडायचा किटही. किटचे बॉनेट उघडले की आत टर्बाइन, तिच्या दोन्ही अंगांना उष्णता परत वापरणारी गोल चक्रे, सगळे दिसते. तोच किट पुढे पुन्हा निघाला, म्हणून जाणकार आधी खोके कोणत्या वेळचे आहे ते पाहतो. त्याखालोखाल मागणी कागदांना आहे: माहितीपत्रके, पत्रकारांना दिलेले फोटो आणि खुलासे, आणि त्या 203 घरांत गाडीबरोबर गेलेले साहित्य. शर्यतवेड्यांचा कप्पा वेगळा. 1967 च्या इंडियानापोलिस 500 मध्ये पार्नेली जोन्स यांची, इंजिन तेलात मिसळायचे द्रव्य विकणाऱ्या एसटीपीची टर्बाइन गाडी तीनच फेऱ्या उरल्या असताना गिअरबॉक्समधल्या एका क्षुल्लक बेअरिंगपायी बंद पडली. त्या काळचे एसटीपीचे लंबगोल स्टिकर अजून गोळा केले जातात.

आपल्याकडे हा धागा येतो तो टाटांच्या दाराने. 2008 मध्ये टाटा मोटर्सने जग्वार आणि लँड रोव्हर घेतल्या, त्यांच्याबरोबर रोव्हर हे नावही आले. 2010 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात जग्वारने सी-एक्स75 दाखवली. तिच्यातली दोन चिमुकली टर्बाइने मिनिटाला 80,000 फेरे घेत वीज करणार होती आणि चाके फिरवणार होत्या मोटरी. एकसमान वेगाने फिरत राहायचे, हे टर्बाइनच्या स्वभावाला जुळणारे काम अखेर कुणीतरी तिला दिले होते. पण विक्रीचा आराखडा ठरताना टर्बाइनांच्या जागी पिस्टन इंजिन आले, आणि 2012 च्या अखेरीस विक्रीचा बेतही बारगळला.

साठ वर्षांत कारणे बदलली, निकाल तोच राहिला. अभियंत्यांनी जिवापाड घडवलेले यंत्र हिशेबात बसले नाही आणि भंगारात गेले. जाहिरात खात्याने भरमसाट काढून वाटलेले मात्र टिकले, कारण ते नष्ट करायची कुणाला गरजच वाटली नाही. टर्बाइन गाडीच्या संग्राहकाला म्हणून मी निव्वळ हौशी म्हणणार नाही. कंपनीने जे दप्तर ठेवायला हवे होते, ते तो स्वतःच्या खिशातून ठेवतो आहे.